हजार फोटो एका घाण्यात: लहान करा, पण मूळ फोटोला हात न लावता

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचून, एकेक पायरी बघत काम करायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आज एक अगदी घरगुती काम शिकूया. ढीगभर फोटो घरच्या कॉम्प्युटरवर एकदम लहान कसे करायचे. एकेक फोटो उघडून नाही, सगळे एकत्र. याला बॅच रिसाईझ म्हणतात. बॅच म्हणजे आपला घाणा. चकल्या आपण एकेक तळत नाही, घाणा काढतो. तसंच हे.

काम सोपं आहे. आजचा भाग ऐकून तुम्ही संध्याकाळी करू शकाल. पण यात एक जागा अशी आहे, जिथे एक टिक चुकीच्या चौकटीत पडली तर फोटो कायमचे जातात. आणि गंमत अशी की ते गेलेत हे लगेच कळत नाही. फोल्डरमध्ये फोटो दिसत असतात, नावं तीच असतात. कळतं ते वर्षभराने, जेव्हा त्यातला एखादा खरोखर हवा असतो. म्हणून आज पद्धत सांगणार आहे आणि ती जागाही दाखवणार आहे.

उदाहरण घरचंच घेतो. मे महिन्यात माझ्या मामेबहिणीचं लग्न झालं. फोटोग्राफरने पेनड्राईव्ह दिला. त्यात १,१४० फोटो. प्रत्येक फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, सरासरी ९ एमबी. म्हणजे एकूण दहा जीबीच्या थोडं वर. मामीचं म्हणणं एका वाक्याचं होतं, "सगळ्यांना पाठवून दे रे." सगळे म्हणजे सांगलीची मोठी मावशी, मस्कतचा मावसभाऊ आणि नव्या सोयऱ्यांकडचे तीस-चाळीस जण. ज्याच्या रिचार्जमध्ये रोजचा दीड जीबी डेटा आहे, त्याला हे सगळं उतरवायला सात दिवसांचा डेटा लागेल. आणि उतरवून ठेवणार कुठे? मावशीचा फोन ३२ जीबीचा, त्यातली निम्मी जागा गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरलेली.

आता पहिला प्रश्न. फोनवर बघायला एवढा मोठा फोटो लागतो का?

हिशोब करू. ६००० गुणिले ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. पिक्सेल म्हणजे रंगाचा एक ठिपका. फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २१ लाख ठिपके असतात. स्क्रीनवर जितके ठिपके आहेत तितकेच ती एका वेळी दाखवू शकते. तुम्ही झूम केलं नाहीत तर बाकीचे २ कोटी आणि काही लाख ठिपके फोनला नुसते वाहून न्यावे लागतात.

म्हणून मी लांब बाजू १६०० पिक्सेल केली. ६००० बाय ४००० चा फोटो झाला १६०० बाय १०६७, म्हणजे सुमारे १७ लाख पिक्सेल. एकेक फोटो साधारण ४०० केबीवर आला आणि १,१४० फोटो मिळून ४५० एमबीच्या आसपास. दहा जीबीचं साडेचारशे एमबी! एका दिवसाच्या डेटात बसलं. आमचा घरचा कॉम्प्युटर जुना आहे, आय-थ्री आणि ४ जीबी रॅम. तरी काम लावून जेवायला बसलो, हात धुवून आलो तोवर झालं होतं.

आता आत नेमकं काय होतं ते बघू. थोडं टेक्निकल आहे, पण हे कळलं की पुढच्या सगळ्या सेटिंग आपोआप कळतात.

फोटोची फाईल दोन वेगवेगळ्या कारणांनी लहान होते. लोक या दोन गोष्टी एक समजतात, तिथे घोळ होतो.

पहिली गोष्ट, पिक्सेलची संख्या. ६००० चे १६०० केले म्हणजे आडव्या बाजूला पावणेचार पट कमी, उभ्या बाजूलाही पावणेचार पट कमी. पावणेचार गुणिले पावणेचार म्हणजे चौदा. म्हणजे जुन्या साधारण चौदा ठिपक्यांचा मिळून एक नवा ठिपका तयार झाला. तो कसा, तर ढोबळमानाने त्यांची सरासरी काढून. चांगली सॉफ्टवेअर थोडी हुशारीने, आजूबाजूचे ठिपकेही कमी-जास्त वजनाने धरून सरासरी काढतात. पण शेवटी ती सरासरीच.

दुसरी गोष्ट, जेपेगचं कॉम्प्रेशन. एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाईट लागतात. २ कोटी ४० लाख गुणिले तीन म्हणजे ७२ एमबी. पण फोटोग्राफरची फाईल तर ९ एमबीची होती! मधले ६३ एमबी गेले कुठे? ते जेपेगने वाचवले. जेपेगचं स्टँडर्ड १९९२ चं आहे. ते फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे छोटे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे वेगळ्या प्रकारे मांडतं: आधी त्या चौकोनाची सरासरी, मग हळूहळू होणारे बदल, मग एकदम बारीक बदल. आपल्या डोळ्याला ते एकदम बारीक बदल फारसे जाणवत नाहीत, म्हणून ते आकडे भरपूर गोळाबेरीज करून लिहितं. त्यातले बरेच शून्य होतात आणि शून्यांना जागा कमी लागते.

या मांडणीच्या गणिताला डिस्क्रीट कोसाईन ट्रान्सफॉर्म म्हणतात. त्याची कल्पना नासिर अहमद यांची. जन्म बंगळुरूचा, नंतर अमेरिकेत प्राध्यापक. १९७२ मध्ये त्यांनी यावर काम करायला अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. तरी त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर काम केलं आणि जानेवारी १९७४ मध्ये पेपर छापून आला. आज तुमच्या गॅलरीतला जवळपास प्रत्येक जेपेग फोटो त्या गणितातून गेलेला आहे. पुढच्या वेळी कोणी म्हणालं की गणिताचा काय उपयोग, तर गॅलरी उघडून दाखवा.

तर या दोन गोष्टी. पिक्सेल कमी करणं आणि कॉम्प्रेशन वाढवणं. दुसरीवर ताबा असतो तो 'क्वालिटी' नावाच्या आकड्याचा. तो टक्का नाही हं. ८५ म्हणजे ८५ टक्के चांगला फोटो, असं काही नाही. ती फक्त गोळाबेरीज किती करायची याची पट्टी आहे. घरच्या कामाला ८० ते ८५ ठेवा. १०० ठेवलंत तर फाईल कितीतरी मोठी होते आणि फोनवर फरक काही दिसत नाही. ५० च्या खाली गेलात तर ते ८ बाय ८ चे चौकोन आकाशात आणि गालांवर दिसायला लागतात.

आता महत्त्वाचं. या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने जातात. परत येता येत नाही. वर्गाची सरासरी ६२ आली एवढंच मी तुम्हाला सांगितलं, तर कोणाला किती मार्क मिळाले ते तुम्ही सांगू शकता का? नाही. चौदा ठिपक्यांची सरासरी काढून मूळ चौदा टाकून दिले, की ते संपले. १६०० चा फोटो तुम्ही परत ६००० चा करू शकता, सॉफ्टवेअर करून देईल. पण त्यात नवीन माहिती काही येत नाही, तोच फोटो ताणून धुरकट होतो.

यामुळे काय होतं ते सांगतो. आमच्या सोसायटीत एक काका आहेत. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. दहाव्याच्या आधी फ्रेम करायची होती, १२ बाय १८ इंचाची. काकांच्या मनात एक फोटो पक्का होता. भाच्याच्या मुंजीतला, काकू पंगतीत कोणाकडे तरी बघून मनापासून हसताहेत. फोटो कॉम्प्युटरवर होता. पण त्याच्या वर्षभर आधी डिस्क भरली होती आणि कोणीतरी मदत म्हणून सगळा फोल्डर १०२४ पिक्सेलवर आणून दिला होता. तिथल्या तिथे, मूळ फोटोंच्या जागी. ज्या फोनवर फोटो काढला तो तोवर विकून झाला होता.

हिशोब बघा. मूळ फोटो ४००० पिक्सेल रुंद. त्यात काकूंचा चेहरा समजा ४०० पिक्सेल रुंद असेल. १०२४ वर आल्यावर तो उरतो साधारण १०० पिक्सेल. फ्रेममध्ये चेहरा पाच इंच रुंद हवा, तर एका इंचाला २० पिक्सेल. छपाईसाठी चांगलं माप इंचाला ३०० पिक्सेल धरतात. मूळ फोटो असता तर इंचाला ८० मिळाले असते. उत्तम नाही, पण भिंतीवर, दोन-चार हात लांबून, नक्की चालला असता. २० मध्ये नाही चालत.

स्टुडिओवाल्याने एआयने साफ करून बघितला. चेहरा एकदम स्वच्छ आला. पण एआय काय करतं, लाखो चेहरे बघून इथे डोळा असा असेल, सुरकुती अशी असेल, असा अंदाज भरतं. चेहरा सुंदर होता, पण काकूंचा नव्हता. काकांनी तो नको म्हणून सांगितलं. शेवटी कुठल्याशा फॉर्मसाठी काढलेला पासपोर्ट फोटो मोठा करून लावला. आजही तोच आहे. त्यात काकू हसत नाहीयेत.

म्हणून नियम एकच. लहान केलेला फोटो ही वाटायची प्रत आहे, मूळ फोटो म्हणजे ठेव. प्रत कितीही काढा, ठेव मोडायची नाही. कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, स्टार्ट दाबायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: तयार झालेले फोटो जाणार कुठे? उत्तर 'वेगळ्या फोल्डरमध्ये' असेल तरच पुढे जा.

चला, आता प्रत्यक्ष पद्धती. तुमच्याकडे जो कॉम्प्युटर असेल त्याप्रमाणे एक निवडा.

सगळ्यात आधी, सॉफ्टवेअर उघडायच्याही आधी, दोन फोल्डर करा. एकाचं नाव 'मूळ', दुसऱ्याचं 'छोटे'. पेनड्राईव्हवरचे फोटो 'मूळ' मध्ये कॉपी करा. कट नाही, कॉपी. पेनड्राईव्ह काढून कपाटात ठेवा. आता काही झालं तरी एक संच बाजूला सुरक्षित आहे.

विंडोजवर सोपा मार्ग म्हणजे पॉवरटॉईज. मायक्रोसॉफ्टचंच आहे, मोफत आहे, त्यात इमेज रिसायझर नावाची सोय आहे. एकदा इन्स्टॉल केलं की फोटो निवडून राईट क्लिक केल्यावर मेन्यूत दिसते. तिथे स्मॉल, मीडियम, लार्ज, फोन अशी तयार मापं असतात. सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचं माप बनवा: १६०० बाय १६०० आणि प्रकार 'फिट'. फिट म्हणजे या चौकटीत बसेल इतका लहान कर, पण प्रमाण बिघडवू नकोस. 'स्ट्रेच' कधीच घेऊ नका, नवरा-नवरी दोघंही भोपळ्यासारखे दिसतील.

इथेच ती धोक्याची जागा आहे. त्या खिडकीत खाली एक चौकट असते, तिचा अर्थ 'मूळ फोटोच लहान करा, प्रत बनवू नका' असा आहे. ती रिकामी राहू द्या. ती रिकामी असली की नवीन फोटो त्याच फोल्डरमध्ये, नावापुढे मापाचं नाव लागून तयार होतात. ते निवडून 'छोटे' मध्ये हलवा. अजून एक चौकट आहे, 'लहान करा पण मोठे करू नका' अशा अर्थाची. तिच्यावर टिक असू द्या. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला एखादा ८०० पिक्सेलचा फोटो ताणून १६०० चा होईल. फाईल मोठी आणि फोटो धुरकट.

दुसरा पर्याय, इरफानव्ह्यू. जुन्या विंडोज मशीनवर माझी पहिली पसंती हीच. इरफान स्किल्यान नावाच्या मूळच्या बोस्नियातल्या प्रोग्रामरने १९९६ मध्ये हे आणलं, घरच्या वापराला मोफत आहे आणि एकदम हलकं आहे. उघडा आणि कीबोर्डवर बी दाबा. बॅचची खिडकी उघडेल. 'मूळ' फोल्डर निवडा, ॲड ऑल दाबा. फॉरमॅट जेपीजी ठेवा, त्याच्या शेजारच्या ऑप्शन्समध्ये क्वालिटी ८५ करा. मग ॲडव्हान्स्ड वर टिक करून आत जा, रिसाईझमध्ये 'सेट लाँग साईड' निवडून १६०० लिहा. लहान फोटो मोठे करू नयेत याची चौकट इथेही आहे, तिला टिक करा. 'ओव्हरराईट' असं जिथे लिहिलंय तिथे टिक नको. शेवटी आउटपुट फोल्डर म्हणून 'छोटे' द्या. तो रस्ता एकदा मोठ्याने वाचा. खरंच वाचा. मग स्टार्ट.

लांब बाजूवरच भर का, तर लग्नाच्या फोटोंमध्ये आडवे आणि उभे दोन्ही असतात. तुम्ही फक्त रुंदी १६०० सांगितलीत, तर आडवा फोटो १६०० बाय १०६७ होईल, पण उभा होईल १६०० बाय २४००. म्हणजे उभे फोटो उगाच दुपटीहून मोठे. लांब बाजू धरली की दोन्हींना एकच न्याय.

मॅकवाल्यांसाठी. फाईंडरमध्ये फोटो निवडा, राईट क्लिक, क्विक अ‍ॅक्शन्स, कन्व्हर्ट इमेज. मॉन्टेरे आणि त्यानंतरच्या मॅकवर हे आहे. ते नवीन प्रत बनवतं, मूळ फोटो तसाच राहतो. प्रीव्ह्यूमध्ये सगळे फोटो उघडून ॲडजस्ट साईझ करण्याची पद्धत बरेच जण सांगतात, पण तिथे बदल मूळ फाईलवरच सेव्ह होतो. करायचंच असेल तर आधी फोल्डरची प्रत काढून त्या प्रतीवर करा.

आणि ज्यांना टर्मिनलची भीती वाटत नाही त्यांच्यासाठी इमेजमॅजिक. १९९० पासून मोफत मिळतंय, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. त्यातली मॉग्रिफाय ही कमांड बॅचसाठीच आहे. पण जपून! मॉग्रिफाय काही न सांगता मूळ फाईलवरच लिहिते, विचारत नाही, रिसायकल बिनमध्येही काही ठेवत नाही. म्हणून 'पाथ' हा पर्याय देऊन पुढे 'छोटे' फोल्डरचं नाव लिहायचं. तो फोल्डर आधी बनवलेला हवा. त्यानंतर ऑटो-ओरिएंट, मग रिसाईझ आणि १६०० एक्स १६०० लिहून त्याला लागून 'मोठं आहे' चं गणिती चिन्ह. ते चिन्ह म्हणजे 'यापेक्षा मोठा असेल तरच लहान कर'. हे माप चिन्हासकट अवतरणचिन्हात लिहा. नाहीतर टर्मिनल त्या चिन्हाचा 'आउटपुट फाईलमध्ये टाक' असा वेगळाच अर्थ लावतं. मग क्वालिटी ८५ आणि शेवटी स्टार डॉट जेपीजी. लिनक्सवर एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅमेऱ्याच्या फाईलचं शेवटचं जेपीजी बऱ्याचदा कॅपिटल अक्षरांत असतं आणि लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल वेगळं वाटतं. त्यामुळे कमांड एकही फोटो न घेता परत येऊ शकते.

ऑटो-ओरिएंट कशाला, ते सांगतो. फोन आडवा धरला की उभा, हे फोटोच्या आत एका नोंदीत लिहिलेलं असतं. त्या नोंदींना एक्झिफ म्हणतात. तारीख, वेळ, कॅमेरा आणि लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला तेही अक्षांश-रेखांशासकट त्यात असतं. तुम्ही फोटो लहान करताना सगळी नोंद पुसली आणि फोटो आधी सरळ करून घेतला नाही, तर अर्धे फोटो आडवे झोपलेले निघतात. म्हणून आधी सरळ करायचे, मग नोंद पुसायची.

आणि पुसायची का? घरच्यांना पाठवताना तारीख राहिलेली बरी, फोटो क्रमाने लागतात. पण सोसायटीच्या ग्रुपवर, ओएलएक्ससारख्या ठिकाणी, कुठेही अनोळखी लोकांपुढे टाकताना लोकेशन काढलेलंच बरं. विशेषतः तुम्ही फोटो झिप करून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवत असाल तर. कारण तेव्हा फाईल जशीच्या तशी जाते, आतल्या नोंदींसकट. पॉवरटॉईजमध्ये ही माहिती काढायची चौकट आहे, इरफानव्ह्यूमध्ये जेपीजी ऑप्शन्समध्ये एक्झिफ ठेवायचं की नाही ते ठरवता येतं.

आता कोणी म्हणेल, एवढं कशाला, व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच फोटो लहान करतं की. हो, करतं. नेहमीसारखा पाठवला तर करतं, २०२३ मध्ये एचडीचा पर्याय आला त्यातही थोडं करतं. पण आपल्याला एकेका वेळी शे-शंभर फोटो असे १,१४० फोटो चाळीस जणांना पाठवायचे नाहीत. आपण लहान करून, झिप करून, ड्राईव्हवर एक लिंक बनवली की काम संपलं. आणि कोणाला एखादा फोटो छापायचाच असेल तर तो मूळ आपल्याकडे आहे, तेवढा डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा.

मग कुठल्या कामाला कुठलं माप? लिहून घ्या. फोनवर बघायला, लांब बाजू १६००. फुल एचडी टीव्हीवर स्लाईड शो लावायला १९२०, फोर-के टीव्ही असेल तर ३८४०. ४ बाय ६ इंचाचा प्रिंट काढायला १८०० बाय १२००. त्याच्यापेक्षा मोठा प्रिंट, अल्बम, फ्रेम, फ्लेक्स, काहीही असेल तर लहान करूच नका, मूळ फाईल द्या.

आणि आपल्यातले बरेच जण फॉर्म भरतात, म्हणून तेही. बँकेच्या परीक्षांच्या फॉर्ममध्ये फोटो २० ते ५० केबी, २०० बाय २३० पिक्सेल, सही १० ते २० केबी, १४० बाय ६० पिक्सेल, अशी अट असते. तुमच्या फॉर्मची जाहिरातीत बघून घ्या. लोक काय करतात, १२ मेगापिक्सेलचा फोटो घेतात आणि केबी कमी होईपर्यंत फक्त क्वालिटी खाली खाली नेतात. चेहऱ्याचे चौकोन चौकोन होतात. क्रम उलटा ठेवा. आधी फोटो हव्या त्या आकारात कापा, मग पिक्सेल २०० बाय २३० करा आणि मग लागली तर क्वालिटी. आणि खालची मर्यादाही बघा, १५ केबीचा फोटो २० च्या अटीत बसत नाही. इथेही प्रतीवरच काम करायचं. तोच फोटो पुढच्या फॉर्मला वेगळ्या मापात लागतो.

घाणा काढून झाला. आता लगेच 'मूळ' डिलीट करून जागा मोकळी करायची का? थांबा. तीन गोष्टी तपासा.

एक, मोजा. 'मूळ' मध्ये १,१४० आणि 'छोटे' मध्येही १,१४० हवेत. कमी असतील तर काही फाईल वाचल्या गेल्या नाहीत. आयफोनचे एचईआयसी प्रकारचे फोटो बऱ्याचदा असे सुटतात.

दोन, उघडून बघा. सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे आठ-दहा. उभे फोटो उभे आहेत ना, चेहरे ताणलेले नाहीत ना.

तीन, नावं वेगळी ठेवा. 'छोटे' मधल्या फाईलच्या नावापुढे काहीतरी जोडा. दोन्हीकडे एकच नाव असेल, तर कधीतरी घाईत एक फोल्डर दुसऱ्यावर कॉपी होतो, कॉम्प्युटर विचारतो 'रिप्लेस करू का' आणि आपण हो म्हणतो. सगळी काळजी घेऊन शेवटी तिथे फोटो जातात.

आणि मूळ दोन ठिकाणी ठेवा. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. क्लाऊड वापरत असाल तर सेटिंग बघा. गुगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून सगळे नवीन फोटो त्या १५ जीबीत मोजले जातात. आणि 'स्टोरेज सेव्हर' असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो ते १६ वर आणून ठेवतं. आपले लग्नाचे फोटो २४ मेगापिक्सेलचे. म्हणजे तिथे गेलेली प्रत ही आपली ठेव नाही, तीही एक छोटीच.

जागेची अडचण सगळ्यांना आहे, मला कळतं. ६४ जीबीचा फोन आणि २५६ जीबीचा लॅपटॉप, त्यात कॉलेजचे प्रोजेक्ट. जागा करायचीच असेल तर फोटो लहान करून नका करू, फोटो कमी करून करा. एकाच पोझचे सात फोटो असतात, त्यातला एक चांगला ठेवा आणि सहा डिलीट करा. एक पूर्ण फोटो सात अर्धवट फोटोंपेक्षा कधीही बरा.

आजचा गृहपाठ छोटा आहे. घरच्या कॉम्प्युटरवर आई-बाबांच्या फोटोंचा फोल्डर उघडा. कुठल्याही पाच फोटोंवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये किती पिक्सेल आहेत ते बघा. ४००० च्या आसपास असतील तर मूळ तुमच्याकडे आहेत, आजच दुसरीकडे एक प्रत ठेवा. १६०० किंवा त्याहून कमी असतील तर ती बहुतेक कुठूनतरी लहान होऊन आलेली प्रत आहे. मग मूळ कोणाच्या फोनमध्ये, कोणाच्या जुन्या मेमरी कार्डात आहे ते आत्ताच विचारून घ्या. लोक फोन बदलतात, कार्डं हरवतात. आज एक फोन केला तर मिळेल, पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही.

काही अडलं तर नक्की विचारा, कुठला कॉम्प्युटर आणि कुठलं सॉफ्टवेअर तेवढं लिहा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, फोटो जपा!